चाळीस ईमेल गेले, उत्तर एकाचंही नाही: लहान संस्थेनं सीएसआर निधी कसा मागावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी तुमची अकरा वर्षं जुनी संस्था आहे. सहा गावांत संध्याकाळच्या अभ्यासिका चालतात. वर्षाचा खर्च नऊ-साडेनऊ लाख, तो स्थानिक देणग्यांतून कसाबसा निघतो. बारा-ए, ऐंशी-जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या आहेत, गेल्या वर्षी सीएसआर-१ ची, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी (सीएसआर) घेण्यासाठी लागणारी, नोंदणीही झाली. मग फिरत्या वाचनालयाची गाडी आणि अभ्यासिकांचा खर्च मिळून पस्तीस लाखांचा प्रस्ताव चाळीसेक नामांकित कंपन्यांना ईमेलनं पाठवला. एकाचंही उत्तर नाही. आता एक गृहस्थ भेटलेत, ते म्हणतात दहा टक्के द्या, फंड आणून देतो. प्रस्ताव नव्यानं कसा लिहावा आणि त्या गृहस्थांना हो म्हणावं का, हे तुम्हाला हवंय.

त्या गृहस्थांना हो म्हणू नका. कारणं पुढे सांगते.

प्रस्तावाचं म्हणाल तर त्यातला जो भाग तुम्ही दिलाय तो वाचला. भाषा स्वच्छ आहे, काम खरं आहे हे दिसतं. तो नव्यानं लिहिलात तरी तेच होईल, कारण अडचण लिहिण्यात नाही. नऊ लाखांच्या संस्थेनं पस्तीस लाख मागितले, तेही अशा कंपन्यांकडे ज्यांच्यापैकी एकीचाही तुमच्या तालुक्याशी संबंध नाही, आणि बहुधा अशा ईमेल पत्त्यांवर जे कोणी उघडून पाहत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की तुमच्या आकाराच्या संस्थेला पैसे देणं कोणाला सोयीचं आहे, आणि त्या माणसाला 'हो' म्हणायला काय हातात लागतं.

मी काही वर्षं एका कंपनीच्या सीएसआर विभागात होते, आता लहान संस्थांचे हिशेब आणि प्रस्ताव पाहते. म्हणून आधी टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची आदल्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हे 'दोन टक्के' सगळ्यांना पाठ असतं. २०२१ मध्ये नियम कडक झाले ते मात्र फार थोड्या संस्थांना माहीत असतं. आता पैसे मंजूर कामासाठीच वापरले गेले याचं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाला संचालक मंडळापुढे द्यावं लागतं. खर्च न झालेली रक्कम मुदतीत योग्य खात्यात वा सरकारी निधीत टाकली नाही तर कंपनीला दंड आहे आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही वेगळा दंड आहे. त्यामुळे तुमचा प्रस्ताव वाचणारा माणूस 'काम चांगलं आहे का' हे तर बघतोच, पण त्याच्या डोक्यात दुसरं एक वाक्य सतत असतं: उद्या ऑडिटरनं विचारलं तर मी काय दाखवू? त्या माणसाला निर्दय समजू नका. त्याची नोकरी त्या कागदावर असते.

आता आकाराचा मुद्दा. २०२२-२३ मध्ये देशभरात कंपन्यांनी सीएसआरवर सुमारे तीस हजार कोटी रुपये खर्च केले आणि राज्यवार पाहिलं तर सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्रात आला. हे आकडे ऐकले की वाटतं, त्यातले पस्तीस लाख आपल्याला मिळायला काय हरकत आहे? पण मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे प्रतिष्ठान असतात, नाहीतर त्या राज्यभर काम करणाऱ्या मोठ्या संस्थांशी कोटींचे करार करतात. नऊ लाखांच्या प्रकल्पाची कागदपत्रं तपासायला, भेट द्यायला, अहवाल वाचायला जेवढा वेळ जातो जवळपास तेवढाच नव्वद लाखांच्या प्रकल्पाला जातो. मग ते नव्वदचाच निवडतात. यात तुमच्या कामाचं मूल्यमापन कुठेच झालेलं नसतं.

तुमच्या मापाची कंपनी वेगळी असते. समजा जवळच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा कारखाना आहे आणि त्याचा सरासरी निव्वळ नफा १५ कोटी आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे ३० लाख. ही रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे कायद्यानं त्यांना वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. अशा ठिकाणी बहुतेकदा मालकच संचालक असतो, सीएसआरचं काम एचआर मॅनेजर किंवा अकाउंट्सवाल्याच्या गळ्यात जादा म्हणून पडलेलं असतं, आणि दरवर्षी ते ३० लाख कुठे द्यायचे याची त्याला खरोखर चिंता असते. गावातल्या शाळेला बाकं, सरकारी दवाखान्याला खुर्च्या, उरलेले कुठल्या तरी निधीत, असं त्याचं चाललेलं असतं. या माणसाला चार-पाच लाखांचं नीटनेटकं, जवळचं, कागद पक्के असलेलं काम हवं असतं. चाळीस नामांकित कंपन्यांच्या यादीत तो नव्हता.

कायदाही इथे तुमच्या बाजूनं आहे. कंपनीनं आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कलम १३५ मध्येच लिहिलंय. सक्ती नाही, पण पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा, कारण मॅनेजरला वर सांगायला एक कारण मिळतं.

इथे मला थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. हे सगळं तुमच्या आसपास काय आहे यावर अवलंबून आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांच्या औद्योगिक पट्ट्यात तुमचा तालुका असेल तर वरचं सरळ लागू पडतं. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या आतल्या तालुक्यात असाल तर कारखाने मोजके. तरी शोधा: डोंगरावर पवनचक्क्या, माळावर सौर प्रकल्प, महामार्गाचे कंत्राटदार, खासगी साखर कारखाने, जिनिंग आणि तेलाच्या मोठ्या मिल, खासगी बँका. यात एक घोळ नेहमी होतो. सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक, पतसंस्था, दूध संघ या कंपन्या नव्हेत, त्यांना कलम १३५ लागू नाही. राष्ट्रीयीकृत बँकाही वेगळ्या कायद्यानं स्थापन झालेल्या आहेत. त्यांच्याकडून देणगी मिळू शकते, मिळतेही, पण तिथे जाऊन 'तुमच्या सीएसआरमधून द्या' म्हटलं की समोरचा ओळखतो, हे गृहपाठ न करता आलेत.

गृहपाठ कुठे करायचा? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार आणि राज्यवार खर्चाची माहिती असते. शिवाय वेबसाइट असलेल्या कंपनीनं आपलं सीएसआर धोरण आणि मंडळानं मंजूर केलेले प्रकल्प तिथे जाहीर करणं बंधनकारक आहे. एक दुपार काढून दहा-बारा कंपन्यांची अशी माहिती वाचा. गेल्या तीन वर्षांत शिक्षणावर कुठे, कोणत्या प्रकारे पैसे दिले ते कळतं. जी कंपनी सलग पाणलोटावरच खर्च करते तिच्याकडे अभ्यासिका घेऊन जाण्यात अर्थ नाही. यादी पाच-सहावर आली तरी चालेल. मी तर म्हणेन तेवढीच यावी.

मग ईमेल नाही. फोन करून नाव विचारा: सीएसआर कोण पाहतं? त्या माणसाची वेळ घ्या, दोन पानांचं पत्र घेऊन जा आणि पैशांच्या आधी एक साधी विनंती करा, की एकदा संध्याकाळी अभ्यासिका बघायला या. आणि तो आला तर कृपा करून कार्यक्रम करू नका. शाल, श्रीफळ, स्वागतगीत, सरपंचांचं भाषण यांत त्याचा तास जातो आणि मुलं काय शिकतात ते त्याला दिसतच नाही. नेहमीचा दिवस दाखवा. हजेरीची वही टेबलावर असू द्या, त्यातल्या गैरहजेऱ्याही. सगळ्या पानांवर शंभर टक्के हजेरी बघून अनुभवी माणूस सावध होतो.

आता कागद. बऱ्याच चांगल्या संस्था इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेला सीएसआर-१ ची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झाली. ती तुमची आहे. पण नंबर म्हणजे प्रवेशपत्र, त्यानं निवड होत नाही. कंपनीनं स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो दाखवायचा म्हणजे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल दाखवायचे. तुमच्या ताळेबंदात अभ्यासिकांचा खर्च वेगळा दिसतो का? बहुतेक लहान संस्थांच्या हिशेबात 'शैक्षणिक खर्च' अशी एकच ओळ असते आणि त्यातच १५ ऑगस्टचा खाऊही असतो. सीएंना सांगून या वर्षीपासून अभ्यासिकांचं वेगळं खातं ठेवायला लावा. अकरा वर्षांचं काम त्या एका ओळीत दडून राहिलंय.

बारा-ए आणि ऐंशी-जीची प्रमाणपत्रं काढून त्यांवरची मुदत वाचा. २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिलेल्या नाहीत, ठराविक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. 'आमच्याकडे ऐंशी-जी आहे' म्हणणाऱ्या संस्थांकडे कधी कधी जुनं, संपलेलं प्रमाणपत्र असतं.

आणि धर्मादाय कार्यालय. महाराष्ट्रात संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदलेली असते. विश्वस्त बदलले, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, तर नव्वद दिवसांत बदल अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. प्रत्यक्षात काय असतं? परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, अकरा वर्षांपूर्वीची सात नावं, त्यातले दोघं हयात नाहीत, आणि बँकेत सह्या करणारे तिसरेच. कंपनीचा वकील हे पाहतो आणि फाइल बाजूला ठेवतो. तो तुम्हाला कारण सांगत नाही, 'या वर्षी बजेट संपलं' एवढंच कळवतो. चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच, ठरावाची प्रत आणि एक पानाचं स्पष्टीकरण फाइलमध्ये ठेवा. प्रलंबित असणं समजून घेतात, लपवलेलं असणं नाही. पॅन, बँक खातं, ऐंशी-जी, सीएसआर-१ आणि नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल एनजीओ दर्पण, या सगळ्यांवर संस्थेचं नाव अक्षरशः सारखं आहे का तेही ताडून बघा. एका ठिकाणी 'बहुउद्देशीय' आणि दुसऱ्या ठिकाणी ते गायब, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

आता त्या दहा टक्केवाल्या गृहस्थांकडे येते.

सल्ला देऊन त्याची ठरलेली फी घेणारी माणसं असतात, मीही घेते. त्यात गैर काही नाही. प्रस्ताव लिहिणं, हिशेब लावून देणं, कागद पूर्ण करणं या कामाची फी आधी ठरते, निधी येवो न येवो ती द्यायची असते, बिल मिळतं आणि ती संस्थेच्या स्वतःच्या पैशातून जाते. तुमचे गृहस्थ मागताहेत तो निधीतला हिस्सा. समजा पाच लाख आले आणि पन्नास हजार त्यांना दिले. उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कशावर खर्च झाला हे कंपनीला लिहून देता त्या कागदात, ते पन्नास हजार कुठे दाखवणार? मानधनात? पुस्तकांत? म्हणजे खोटी बिलं आली, आणि त्या कागदावर सही तुमच्या अध्यक्षांची आणि सीएंची. गृहस्थ कुठेच नसतात. याचा पुढचा प्रकार असा की 'पन्नास लाख देतो, तीस रोखीनं परत करा'. तो सरळ गुन्हा आहे, तिथे बसूही नका. आधी 'फाइल चार्ज' किंवा 'प्रोसेसिंग फी' मागणारे तर निव्वळ फसवे. कुठलीही खरी कंपनी पैसे देण्यासाठी संस्थेकडून पैसे घेत नाही. एक सोपी कसोटी सांगते. त्यांना म्हणा, मला कंपनीतल्या माणसाशी थेट बोलू द्या, फी तुमच्या कामाची आधी ठरवू. जो टिकेल तो सल्लागार.

मागणी किती आणि कशाची करावी यावर माझं मत ठाम आहे, पण सगळे सहमत होतील असं नाही. पहिल्या वर्षी कोणत्याही एका कंपनीकडे संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या निम्म्याहून जास्त मागू नये. तुमच्या बाबतीत चार-साडेचार लाख. याला कायद्याचा आधार नाही, फक्त अनुभव आहे. एकदम चौपट पैसा आला की माणसं नेमावी लागतात, जागा घ्यावी लागते, आणि पुढच्या वर्षी कंपनीचा नफा घटला किंवा मॅनेजर बदलला की ती माणसं काढायची वेळ येते. तेव्हा गावातले जुने देणगीदारही 'आता यांना कंपनी मिळालीय' म्हणून थंडावलेले असतात. असं मोडलेलं काम पुन्हा उभं करणं फार कठीण जातं.

चार लाखांत काय मागायचं? कंपन्यांना वस्तू द्यायला आवडतात हे खरं आहे. टॅब, बाकं, पुस्तकांची कपाटं यांचा फोटो निघतो, बिल मिळतं, विषय संपतो. अभ्यासिका मात्र चालते ती रोज संध्याकाळी येणाऱ्या ताई-दादांच्या मानधनावर. इथे संस्था बिचकतात आणि मानधन 'प्रशासकीय खर्च' या शीर्षकाखाली शेवटी लिहितात, तेही कमी करून. त्यावर कंपनीकडून उत्तर येतं, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांचीच मर्यादा आहे. हा गैरसमज दोन्ही बाजूंना आहे. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीनं स्वतःच्या सीएसआर व्यवस्थेवर करायच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरलेला नाही. अभ्यासिकेत शिकवणाऱ्याचं मानधन म्हणजेच प्रकल्प. ते पहिल्या ओळीत लिहा.

अंदाजपत्रक दर केंद्रामागे मांडा: दोन गावं, दर गावात एक शिक्षिका, बारा महिन्यांचं मानधन, खोलीचं वीजबिल, पुस्तकं-वह्या, पर्यवेक्षकाचा एसटीचा किंवा पेट्रोलचा खर्च, आणि लेखापरीक्षणाचा वाटा. शेवटची गोष्ट संकोचानं गाळू नका. प्रत्येक निधीबरोबर हिशेबाचं काम वाढतं, आणि ते 'आपण करून टाकू' म्हणणारी संस्था मार्चमध्ये रात्री जागत बसते. एकूण खर्चातला किती वाटा गावाच्या देणग्यांतून येतोय तेही त्याच तक्त्यात दाखवा. अकरा वर्षं गावानं पैसे दिलेत, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे आणि प्रस्तावात ती मला कुठे दिसली नाही.

कामाचं मोजमापही लिहा, पण जे खरोखर मोजू शकता तेच. 'मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास' कोणी तपासू शकत नाही. 'चौथीतली किती मुलं जूनमध्ये सलग परिच्छेद वाचू शकत होती आणि मार्चमध्ये किती' हे एका वहीत मावतं.

गाडीचं सांगते. फिरत्या वाचनालयाची कल्पना सुंदर आहे, पण आत्ता गाडी मागू नका. सीएसआरमधून घेतलेली अशी मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. म्हणजे ती तुमच्या नावावर येईल, आणि तिच्याबरोबर चालकाचा पगार, डिझेल, विमा, दुरुस्तीही तुमच्याच नावावर येतील. गाडीला एकदा पैसे मिळतात, डिझेलला दरवर्षी कोण देणार? एखाद्या कंपनीशी दोन-तीन वर्षांचं नातं जुळल्यावर, चालवण्याच्या खर्चासह, गाडीचा प्रस्ताव द्या. तोवर दोन मोठ्या पेट्यांतून पुस्तकं फिरवून बघा. मुलं ती वाचतात याच्या नोंदी झाल्या की तोच पुढच्या प्रस्तावाचा पुरावा होतो.

एकाहून जास्त वर्षांचा करार मागता येतो का? येतो. नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे: सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षंपर्यंत. पहिल्याच भेटीत लहान कंपनी याला तयार होईल असं नाही, पण 'आम्हाला कायद्यानं एकाच वर्षाचं देता येतं' असं कोणी म्हणालं तर ते तसं नाही हे तुम्हाला माहीत असावं.

वेळेबद्दल. बहुतेक कंपन्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, हिशेब मंजूर करताना वर्षाचा सीएसआर आराखडा ठरवतात. म्हणून ओळख आणि भेटी हिवाळ्यात व्हायला हव्यात, पत्र फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या हातात हवं. शिवाय मार्चचा फोन नावाचा एक प्रकार असतो: 'चार लाख उरलेत, आठवड्यात घेता का?' मोह होतो. पण पैसे संस्थेच्या खात्यात पडले म्हणजे सीएसआर खर्च झाला असं धरत नाहीत, संस्थेनं ते प्रत्यक्ष वापरलेले असावे लागतात. २५ मार्चला आलेले बारा महिन्यांच्या मानधनाचे पैसे ३१ मार्चला खर्च झाले असं कोणी लिहून मागत असेल तर सही करू नका. त्याऐवजी खरोखर आठवड्यात घेता येईल अशा गोष्टींची एक छोटी यादी, दुकानदारांच्या दरपत्रकांसह, फेब्रुवारीतच तयार ठेवा: पुस्तकं, सौरदिवे, सतरंज्या, लिहिण्याचे फळे. तेवढ्याचेच पैसे घ्या आणि बाकीच्यासाठी नव्या वर्षाचं बोलणं लावा. कंपनीची अडचण खरी असते, तुम्ही ती सरळपणे सोडवलीत तर ते विसरत नाहीत.

करारात तीन कलमं नीट वाचा, बाकी साचा असतो. पहिलं, हप्ते कसे आहेत. 'आधी खर्च करा, मग परतफेड' अशी अट तुमच्यासारख्या संस्थेला झेपत नाही. निदान पहिला हप्ता आगाऊ मागा. दुसरं, अहवाल किती वेळा. चार लाखांसाठी दर महिन्याला अहवाल आणि व्हिडिओ मागत असतील तर तिमाही करून घ्या, बहुतेक ऐकतात. तिसरं, प्रसिद्धी. अभ्यासिकेच्या दारावर 'यांच्या सहकार्याने' अशी पाटी लावायला माझी हरकत नाही. मुलांच्या हातात कंपनीच्या नावाचे फलक देऊन फोटो काढायला आहे. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे चेहरे कुठेही छापणार नाही हे करारातच लिहा. आजवर एकाही कंपनीनं यावरून माघार घेतलेली मी पाहिली नाही.

तर, क्रम असा. या महिन्यात प्रमाणपत्रांच्या मुदती, नावं आणि चेंज रिपोर्ट तपासा. सीएंशी बोलून अभ्यासिकांचं वेगळं खातं सुरू करा. जवळच्या पाच-सहा मध्यम कंपन्यांची यादी करा आणि तिथल्या माणसाचं नाव मिळवा. पस्तीस लाखांचा प्रस्ताव बाजूला ठेवून दोन गावांच्या अभ्यासिकांचं चार लाखांचं अंदाजपत्रक दोन पानांत मांडा.

आणखी एक विचारून घेते, कारण त्यावर बरंच ठरेल. तुमच्या सहा गावांपैकी किती गावांतले पालक जवळच्या कारखान्यांत कामाला जातात? एखाद्या गावातले दहा-पंधरा जण एकाच कारखान्यात असतील तर सुरुवात त्या कारखान्यापासून आणि त्याच गावाच्या अभ्यासिकेपासून करा. फक्त तिथे केवळ त्यांच्याच मुलांसाठी मागू नका, कारण निव्वळ कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरलं जात नाही. सगळ्या गावाची अभ्यासिका म्हणून मागा. गावांची नावं नकोत, फक्त आसपास कोणत्या प्रकारचे उद्योग आहेत आणि शेवटचा चेंज रिपोर्ट कधी मंजूर झाला एवढं कळवलंत तर यादी करायला मी मदत करेन.